पाण्याखाली मी, काठावर ही

मालवणहून परतल्यावर आमच्या घरात आठ दिवस नीट बोलणे नव्हते. ही गोष्ट मे २०१९ ची. भांडण झाले नव्हते. झाले असते तर बरे झाले असते. चहा वेळेवर मिळत होता, डबा भरला जात होता. पण "मासे कसे होते हो?" असे एकदाही कोणी विचारले नाही आणि मला तर माशांखेरीज दुसरे काही सुचत नव्हते.

वाचकहो, त्या सहलीचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. कचेरीतील आम्ही चार सहकारी, चौघांची कुटुंबे आणि भाड्याची एक गाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एका होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या खडकांकडे गेलो. तेथे स्कूबा डायव्हिंग चालते. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचे आणि मासे व प्रवाळ बघायचे. उतरणार होतो आम्ही सहा जण. बाकीच्यांनी होडीत बसून मजा बघायची असे ठरले. कोणी ठरवले? आम्हीच, उतरणाऱ्यांनी!

माझ्या पत्नीच्या ओटीत पाच मोबाइल, चार घड्याळे, दोन सोनसाखळ्या आणि आमच्या एका साहेबांची कवळी एवढा ऐवज जमा झाला. चालती होडी फारशी लागत नाही. नांगर टाकून उभी असलेली होडी मात्र लागते. लाट आली की ती जागच्या जागी डोलते, आणि पोटातले सारे ढवळून निघते. डोक्यावर मे महिन्याचे ऊन. हिला दोनदा उलटी झाली. तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात साहेबांची कवळी होती.

खाली माझी वेगळीच तऱ्हा. प्रशिक्षकाने मला पाठीमागून धरून पाच-सहा मीटर खाली नेले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या काचेपुढून गेले आणि मी आनंदाने अंगठा वर केला. प्रशिक्षकाने मला लगेच वर आणले. पाण्याखालच्या भाषेत वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, 'मला वर घेऊन चला'. 'ठीक आहे' सांगायचे तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो. हे आधी शिकवले होते, पण लक्षात कोठे राहते? दुसऱ्यांदा खाली गेलो ते हात मुठीत घट्ट धरूनच.

परतीच्या प्रवासात ती बोलली नाही. आठव्या दिवशी रात्री भांडी विसळताना म्हणाली, "तुम्ही खाली गेल्यावर मला काय दिसत होते, ठाऊक आहे? बुडबुडे. एका जागी येत होते. मग ते दूर गेले. मग मला दिसेनासेच झाले. मी कोणाला विचारणार? होडीवाला बिडी ओढत होता."

हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. पाण्याखाली जाणाऱ्याला भीती वाटते ती पहिली पाच मिनिटे. काठावरच्या माणसाची भीती मात्र तो वर येईपर्यंत संपत नाही, आणि तिच्या हाती करण्यासारखे काहीच नसते.

पण वाचकहो, पाण्याचा नाद मला लागला तो लागलाच. आमच्या घराण्यात पोहता येणारा कोणी नव्हता. आजोबांना गावच्या विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवायची मनाई, मग त्यांची पोरे पोहायला शिकणार कोठे? वडील मुंबईला आले, चाळीतल्या नळावर दोन बादल्यांत आंघोळ करीत आयुष्य गेले. मी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी महापालिकेच्या तरणतलावात नाव घातले आणि सात वर्षांच्या पोरांबरोबर दांडी धरून पाय मारायला शिकलो. कारण पाण्याखाली एखाद्याने धरून नेणे वेगळे आणि आपले आपण जाण्याचा परवाना मिळवणे वेगळे. पहिल्याला पोहता यायची गरज नाही. दुसऱ्यासाठी तीन-चार दिवसांचा वर्ग करावा लागतो. त्यात दोनशे मीटर न थांबता पोहून आणि दहा मिनिटे तरंगून दाखवावे लागते. तो पुरा केला की अठरा मीटरपर्यंत जोडीदारासह उतरता येते. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे सरावाचा तलावही आहे. म्हणजे यासाठी परदेशी जायला नको. दोन वर्षे पतपेढीत महिन्याला थोडे थोडे टाकून फीची रक्कम जमवली.

आता खरा प्रश्न हिचा. तिनेही उतरावे असे मला वाटे, आणि मी भुणभुण लावली होती. शेवटी दोघे डॉक्टरांकडे गेलो. तिला लहानपणापासून दमा आहे. दमा, कानाचे जुने दुखणे, हृदयविकार, गरोदरपण असे काही असेल तर वैद्यकीय परवानगीवाचून उतरू देत नाहीत. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी बुडी मारू नये. डॉक्टरांनी तिला स्पष्ट नाही म्हटले. ती बाहेर येऊन म्हणाली, "सुटले एकदाची. दमा नसता तरी मी जाणार नव्हते. मला आवडत नाही एवढे कारण तुम्हाला पुरले नाही, डॉक्टरांचे पुरले." मी निरुत्तर झालो.

मग एका रविवारी आम्ही वहीचा ताव घेऊन बसलो. मी बी.कॉम. झालेला कारकून; हिशेब मांडल्याखेरीज मला काही समजत नाही. होडी सकाळी आठला सुटते, बारा-साडेबाराला परत येते. त्यातला पाण्याखालचा वेळ दोन वेळा मिळून जेमतेम दीड तास. बाकी सारा वेळ जाणे, येणे, साहित्य चढवणे, उतरवणे आणि वाट पाहणे यांत जातो. दुपारी जेवून डोळे मिटतात, कारण पाणी माणसाला फार दमवते. संध्याकाळी पाठ्यपुस्तक. असे चार दिवस. म्हणजे मी ज्याला 'आपली सहल' म्हणत होतो, त्यात तिचे एकटीचे तास माझ्यासोबतच्या तासांच्या चौपट भरत होते. तो आकडा मी ताव उलटा करून लपवणार होतो. तिने आधीच वाचला होता.

तिने तीन अटी घातल्या. पहिली, ती होडीत बसणार नाही आणि कोणाच्या वस्तू सांभाळणार नाही. दुसरी, तिच्या चार सकाळी कशा जातील ते ती ठरवील. तिच्या खर्चाचे वेगळे पाकीट राहील आणि त्याचा हिशेब मी विचारणार नाही. (फीएवढी रक्कम तिला देणे मला परवडणारे नव्हते, ते मी प्रामाणिकपणे सांगितले. ती म्हणाली, रकमेचे काही नाही, हिशेबाचे बघा.) तिसरी अट मात्र मला फार मोलाची वाटली. "रोज निघताना सांगून जायचे, वर किती वाजता येणार. आणि किती वाजेपर्यंत आला नाहीत तर मी घाबरायचे, आणि कोणाकडे जायचे."

सहलीची वेळ ठरवतानाही तिचा विचार आधी केला. २६ मे ते ३१ ऑगस्ट समुद्रातले हे सारे खेळ बंदच असतात. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि गर्दी; पाण्यात उतरणाऱ्याला ऊन समजत नाही, काठावरच्याला समजते. आंगणेवाडीच्या जत्रेत मालवण तालुक्यात लाखो माणसे लोटतात आणि खोली मिळत नाही. त्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, दर वर्षी वेगळी ठरते, म्हणून आधी चौकशी करावी. आम्ही २०२४ च्या फेब्रुवारीतला मधल्या वारांचा आठवडा धरला. मुलीला तिच्या आत्याकडे ठेवले. रात्रीची कोकणकन्या पकडली आणि सकाळी कुडाळला उतरून एस.टी.ने मालवण गाठले. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. ही सवलत पुढे तिने पुरेपूर वसूल केली.

उतरलो ते एका मच्छीमार कुटुंबाच्या घरी, निवास-न्याहारीच्या खोलीत. मी आधी समुद्रापासून लांबचे पण स्वस्त लॉज बघितले होते. एकटीने राहणाऱ्या माणसाला बोलायला घरात कोणी बाईमाणूस असावे, हे तिने सुचवले आणि तेच सर्वांत उपयोगी पडले.

पहिल्याच दिवशी ती माझ्याबरोबर केंद्रात आली. पोहायला नव्हे, विचारायला. टाकीत काय असते? मी म्हणालो ऑक्सिजन. प्रशिक्षक हसले. दवाखान्यातल्यासारखा ऑक्सिजन नव्हे, आपण श्वासात घेतो ती साधी हवाच दाबून भरलेली असते. खोल जावे तसा पाण्याचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो दुप्पट होतो. म्हणून कान दुखू लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची. आणि काहीही झाले तरी श्वास रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, ती बाहेर पडलीच पाहिजे. "म्हणजे बुडबुडे दिसताहेत तोवर चांगले?" हिने विचारले. "चांगलेच ताई. माणूस श्वास घेतो आहे." पाच वर्षांपूर्वी हे एक वाक्य कोणी तिला सांगितले असते तर!

त्यांनी तिला एका कागदावर लिहून दिले: पाण्यात जाण्याची वेळ, वर येण्याची वेळ, होडी किनाऱ्याला लागण्याची वेळ, केंद्राचा फोन नंबर. तो कागद तिने कमरेला खोचला. एक गोष्ट तिने आणखी विचारली, ती जॅकेटची. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. ते पाण्याखाली नव्हते, होडीत होते. म्हणून उतरणारा असो वा बसणारा, होडीत पाय ठेवला की जॅकेट अंगावर हवे. उकडते म्हणून काढून मांडीवर ठेवणारे मी तेव्हाही पाहिले.

माझ्या चार दिवसांचे फार सांगत नाही. मालवणचा समुद्र अंदमानसारखा नितळ नसतो. खाड्या गाळ आणतात, आणि काही दिवशी चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही. पण १९८७ साली येथला २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. खडकांवर प्रवाळ आहे, पोपटमासे आहेत, फुलपाखरासारखे मासे आहेत. काही होड्यांवरून फोटोसाठी पाण्यात पाव टाकतात. मासे जमतात, फोटो छान येतो, पण माशांना पावाची सवय लावणे मला पटले नाही आणि मी तसे बोललोही. मला उत्तर मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा हातपाय न हलवता पाण्यात अधांतरी राहिलो. एवढे शांत मला आयुष्यात कोठे वाटले नव्हते. असो.

तिचे दिवस अधिक भरलेले होते. पहिल्या सकाळी ती घरमालकिणीबरोबर मासळीबाजारात गेली. दुसऱ्या दिवशी एकटीच होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचे काम सुरू झाले, पायात शिसे ओतले गेले, हे मी तिला आदल्या रात्री वाचून दाखवले होते. ती पाहून आली वेगळेच. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांतल्या एका बाईशी तिने पाणी, शाळा आणि पावसाळ्यात होडी बंद झाल्यावर काय करता, याबद्दल इतके विचारले की ठरलेली होडी निघून गेली आणि तिला पुढच्या होडीने यावे लागले. मी किल्ला पाहिला असता तर तटावरून फोटो काढून तासाभरात परतलो असतो.

पण तिची खरी सकाळ तिसरी. पहाटे फिरायला गेली असता वाळूवर रापण ओढणे चालले होते. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढत आणतात. एका यंत्राचे काम नाही, एका माणसाचेही नाही. दोन्ही रांगांनी सारख्या वेगाने मागे सरकावे लागते, नाहीतर जाळे तिरके होऊन मासा निसटतो. ही बघत उभी राहिली. कोणीतरी म्हणाले, "येवा, लावा हात." हिने पदर खोचला आणि दोर धरला.

तासभर ओढत होती. जाळे वाळूवर आले तेव्हा आत तारली आणि पेडवे चमचम करीत होते. ओढणाऱ्यांचे वाटे झाले. हिलाही, नको नको म्हणत असता, पिशवीभर तारली मिळाली. दुपारी मी दमून आलो तर ताटात तळलेली तारली. "कोठून आणली?" "आणली नाही, मिळवली," ती म्हणाली, आणि तळहात पुढे केला. दोराने फोड आली होती. त्या दिवशी मी मासे पाहून आलो होतो आणि ती मासे ओढून आली होती. जेवताना कोणाचे वर्णन जास्त वेळ चालले हे सांगायला नको.

चौथ्या दिवशी माझी होडी उशिरा लागली. एका विद्यार्थ्याचा मास्क हरवला आणि तो शोधण्यात अर्धा तास गेला. किनाऱ्याजवळ येतो तो ही पाण्याच्या कडेला उभी, हातात तो कागद. वेळ उलटून वीस मिनिटे झाली होती. केंद्रात फोन करून तिने होडीशी बोलणे करून घेतले होते. "घाबरले नव्हते," ती म्हणाली. "घाबरायची वेळ अजून दहा मिनिटांनी होती." तिने कागद दाखवला. ती वेळ खरोखरच तेथे लिहिली होती, तिच्याच अक्षरात.

आता परतीची गोष्ट. येथे माझा मूळ बेत चुकला होता. हिची बहीण गडहिंग्लजला असते. शेवटची बुडी आटोपून त्याच दुपारी आंबोली घाटाने तिकडे जावे, एक दिवस वाचेल, असे मी मांडले होते. प्रशिक्षकांनी ते खोडले. दाबाखाली श्वास घेतल्याने हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. लगेच उंचावर गेले, जेथे हवेचा दाब कमी, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तसे अंगात बुडबुडे धरतात. सांधे दुखतात, क्वचित जिवावर बेतते. अनेक दिवस बुड्या मारल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास थांबावे असा दंडक आहे. घाटालाही तेच धोरण ठेवा, असे त्यांनी बजावले. आंबोली सुमारे सातशे मीटर उंच, आणि पुढचा सगळा मुलूख घाटमाथ्याचा.

म्हणजे पाचवा दिवस सक्तीच्या विश्रांतीचा. मी हिरमुसलो. ती म्हणाली, "मग हा दिवस माझा. तुम्ही आता काठावर."

आम्ही सावंतवाडीला गेलो, ती पुढे आणि मी पिशव्या घेऊन मागे. चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकाने तिने एकही वगळले नाही. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर पाहिले. गोल पत्ते, दशावतारी संचात एकशे वीस, प्रत्येक हाताने रंगवलेला. एका पत्त्यापाशी ती अर्धा तास बसली. मला कंबर मोडल्यासारखे झाले, तहान लागली, मोबाइलची बॅटरी संपली. मोती तलावाच्या कठड्यावर बसून मी किती वाजले ते तीनदा विचारले. तिसऱ्यांदा तिने नुसते माझ्याकडे पाहिले, आणि मी गप्प झालो.

सहाव्या दिवशी सकाळी घाट चढलो. गडहिंग्लजला मेहुणीने चहा देता देता मला विचारले, "भाऊजी, काय काय पाहिले समुद्रात?" मी फुलपाखरू माशापासून सुरुवात केली. दोन वाक्ये झाली असतील नसतील, तोवर हिने तळहात पुढे केला आणि मेहुणी माझ्याकडे पाठ फिरवून तिच्याजवळ सरकली. रापणीच्या दोरापासून किल्ल्यातल्या बाईपर्यंत सारे सांगून होईतो चहा गार झाला. मधेच पिशवीतून लाकडी फळांची टोपली निघाली, भाच्यासाठी भोवरा निघाला, आणि त्याखाली ते पाकीट. ते अगदीच चपटे दिसत होते. मी विचारले नाही.